मामाने दुरुस्त केलेलं चित्र

तुमच्या वर्गाच्या खिडक्या कधी एकदम थडथडल्या आहेत का? आमच्या थडथडायच्या! नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आणि आमची शाळा तिथून जवळच, द्राक्षबागांच्या मधोमध. आभाळ फाटल्यासारखा आवाज आला, की गुरुजी खडू हातात धरून नुसते उभे राहायचे. त्या गर्जनेत पाढे ऐकू येणार थोडेच!

माझा मामा त्या कारखान्यात फिटर होता. एकदा मी मिग-२१ चं चित्र काढून त्याला ऐटीत दाखवलं. टोकदार नाक, हे मोठाले पंख! मामा म्हणाला, "अरे, ही तर घार झाली." मग त्याने पेन्सिल घेतली. मिगचं नाक म्हणजे उघडं तोंड. इंजिनाला लागणारी हवा तिथूनच आत शिरते. तोंडात एक शंकू असतो, तो वेगाप्रमाणे मागेपुढे सरकतो. पंख त्रिकोणी आणि इतके आखूड, की या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ७ मीटर. वेग मात्र आवाजाच्या दुप्पट!

पण एवढ्याशा पंखांवर विमानाला सावकाश उतरता येत नाही. धावपट्टीवर टेकताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. म्हणून चाकं टेकली, की शेपटीकडून पॅराशूट उघडायचं. मला ती गंमत वाटे. ते उतरणं किती अवघड, हे फार उशिरा कळलं. २०१२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं, की हवाई दलाच्या सगळ्या प्रकारच्या ८७२ मिगपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. १७१ वैमानिक दगावले. हे वाचल्यावर चित्रांची वही बरेच दिवस उघडवली नाही. विमान आवडायचं मात्र थांबलं नाही, खरं सांगतो.

१९६३ मध्ये मिग-२१ आपल्या हवाई दलात आलं, १९७१ च्या युद्धात लढलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. पाण्याच्या फवाऱ्यांखालून विमानं हळूहळू जात होती. मी टीव्हीसमोर बसलो होतो. तेवढ्यात मामाचा फोन!

"बघतोयस ना रे?"

"हो मामा."

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मामाने विचारलं, "ती घार आहे का रे अजून तुझ्याकडे?"