अपेक्षाभंग झालेल्या तरुण विंगरचे विनिमयमूल्य : आइस हॉकीतील मूल्यनिर्धारणाचे एक विवेचन

प्रस्तावना

'हॉकी' हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या मनात ध्यानचंद आणि मैदानी खेळ उभा राहतो. उत्तर अमेरिकेत मात्र या शब्दाने बर्फावरील खेळाचाच बोध होतो. या खेळात गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी उतरतात. त्यांपैकी तिघे आघाडीचे असून मधल्याच्या दोन्ही बाजूंना खेळणाऱ्यांना 'विंगर' म्हणतात. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक स्पर्धेतील संघ दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासचे नवोदित खेळाडू क्रमाने निवडतात. या निवडप्रक्रियेस 'ड्राफ्ट' अशी संज्ञा आहे. वरच्या क्रमांकावर निवडलेला विंगर चार-पाच वर्षांनंतरही चाचपडत असेल, तर त्याच्या बदल्यात दुसऱ्या संघाकडून काय मागावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

एनएचएलमध्ये खेळाडूची रोखीने विक्री होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा आगामी ड्राफ्टमधील निवड-हक्क दिला जातो. त्यामुळे बाजारभाव असा कोठे छापून येत नाही. दोन संघव्यवस्थापकांचे एकमत झाले की तोच भाव. साहजिकच अशा व्यवहारात चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते.

दोन विरुद्ध उदाहरणे

स्वीडनच्या मार्कस नास्लुंड यास पिट्सबर्ग संघाने १९९१ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडले. पहिल्या दोन हंगामांतील ८५ सामन्यांत त्याने केवळ ६ गोल केले. तिसऱ्या हंगामात तो सुधारला. पण त्याच्या खेळातील सातत्याविषयीची शंका फिटली नाही. मार्च १९९६ मध्ये पिट्सबर्गने त्यास व्हँकूव्हर संघास दिले आणि त्याच्या बदल्यात अ‍ॅलेक स्टोयानोव्ह हा धिप्पाड, आक्रमक विंगर घेतला. स्टोयानोव्हने पिट्सबर्गकडून ४५ सामन्यांत २ गोल केले. नास्लुंड २००० मध्ये व्हँकूव्हरचा कर्णधार झाला आणि २००२-०३ च्या हंगामात त्याने ४८ गोल नोंदविले.

याच्या उलट उदाहरण नेल याकुपोव्ह या रशियन विंगरचे. २०१२ मध्ये एडमंटन संघाने त्यास पहिल्याच क्रमांकावर निवडले. लघुरूपात झालेल्या पहिल्या हंगामात त्याने ४८ सामन्यांत १७ गोल केले आणि त्याच्याविषयीच्या अपेक्षा गगनाला भिडल्या. त्या आकड्यामागे एक मेख होती. त्याने गोलावर मारलेल्या फटक्यांपैकी सुमारे २१ टक्के गोलात रूपांतरित झाले होते. एनएचएलमध्ये ही सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि तिच्या दुपटीची टक्केवारी वर्षानुवर्षे टिकवणारा खेळाडू दुर्मीळच. पुढील हंगामात ही टक्केवारी सर्वसाधारण पातळीवर आली, तेव्हा गोलही घटून ११ झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, नुकतीच वयाची तेवीस वर्षे पूर्ण केलेल्या याकुपोव्हच्या बदल्यात एडमंटनला दुय्यम स्पर्धेतील एक खेळाडू आणि तिसऱ्या फेरीतील एक सशर्त निवड-हक्क एवढेच मिळाले. २०१८ नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही.

एकाचे मूल्य फार कमी धरले गेले, तर दुसऱ्याचे आधी फार अधिक. दोन्ही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे. गोलांची संख्या हा परिणाम असतो. तीच गुणवत्ता मानली गेली.

संधी आणि क्षमता

विंगरची गोलसंख्या तीन गोष्टींवर अवलंबून असते : तो किती वेळ बर्फावर असतो, कोणासोबत खेळतो आणि 'पॉवर प्ले'मध्ये उतरतो की नाही. प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसला असता मिळणाऱ्या संख्याधिक्याच्या काळास पॉवर प्ले म्हणतात. या काळात गोल करणे तुलनेने सोपे असते आणि ही जागा बहुधा नामवंत, अनुभवी खेळाडूंसाठी राखीव असते. म्हणजे बलाढ्य संघातील तरुण विंगरचे आकडे कमी दिसणे हा काही अंशी त्या संघाच्या श्रीमंतीचाच परिणाम असतो. यासाठी एकूण गोलांऐवजी दर साठ मिनिटांमागील कामगिरी आणि पाचास पाच अशा समसंख्य खेळातील संघाची स्थिती पाहणे अधिक न्याय्य ठरते. वयाचाही विचार हवा. आघाडीच्या खेळाडूचा बहर साधारणपणे पंचविशीच्या आसपास येतो. बावीस-तेविसाव्या वर्षी त्याच्यावर अपयशी असा शिक्का मारणे घाईचे असते.

ड्राफ्टमधील क्रमांकाचे काय? अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो बुडीत खर्च होय. पाच वर्षांपूर्वी खेळाडूवर कोणता हक्क खर्च झाला, याचा त्याच्या आजच्या खेळाशी संबंध नाही. तथापि विकणारा संघ तो विसरू शकत नाही आणि घेणारा संघही त्या जुन्या मोहोरेकडे पाहून थोडे अधिक मोजतो.

काक्कोचा व्यवहार

या सर्व घटकांचा एकत्रित प्रत्यय फिनलंडच्या कापो काक्कोच्या व्यवहारात येतो. न्यूयॉर्क रेंजर्सने २०१९ मध्ये त्यास दुसऱ्या क्रमांकावर निवडले. साडेपाच हंगामांतील ३३० सामन्यांत त्याचे गोल होते ६१. २०२२-२३ मधील १८ गोलांपलीकडे तो कधी गेला नाही. पण या सबंध काळात रेंजर्सच्या पहिल्या पॉवर प्ले तुकडीत प्रस्थापितांचीच वर्णी लागत असे आणि काक्कोस तेथे क्वचितच वाव मिळाला. समसंख्य खेळात तो संघास ओझे झाला होता, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संघ पराभवांच्या मालिकेत सापडला, तेव्हा त्यास एका सामन्यातून वगळण्यात आले. त्याने पत्रकारांपाशी उघड नाराजी व्यक्त केली आणि लगोलग, १८ डिसेंबर रोजी, त्याची रवानगी सिएटल क्रॅकन संघाकडे झाली. मोबदला म्हणून रेंजर्सला विल बोर्गन हा बचावपटू आणि २०२५ च्या ड्राफ्टमधील तिसऱ्या व सहाव्या फेरीचे हक्क मिळाले.

हा भाव समजून घेताना करार दृष्टीआड करता येत नाही. एनएचएलमध्ये प्रत्येक संघावर वेतनमर्यादा असते. २०२४-२५ साठी ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. काक्कोचे वेतन २४ लाख, तर बोर्गनचे २७ लाख, म्हणजे या बाबतीत व्यवहार जवळपास तुल्यबळ होता. फरक होता तो हक्काचा. बोर्गन हंगामाअखेर मुक्त होणार होता. काक्कोचाही करार तेव्हाच संपत असला, तरी त्याच्याशी नवा करार करण्याचा प्राधान्यहक्क संघाकडेच राहणार होता. सिएटलने घेतला तो केवळ विंगर नव्हे, तर हा हक्क.

न्यूयॉर्कची बाजू अगदीच लंगडी नव्हती. त्यांना बचावपटूची निकड होती आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी बोर्गनशी पाच वर्षांचा करार केलाही. परंतु खेळाडू नाराज आहे आणि संघ संकटात आहे, हे सर्वांना ठाऊक असताना विकणे म्हणजे गरजू शेतकऱ्याने सुगीतच माल बाजारात नेण्यासारखे होय. सिएटलमध्ये काक्को आघाडीच्या तुकडीत खेळू लागला, त्याचा बर्फावरील वेळ वाढला आणि ४९ सामन्यांत त्याने १० गोल व २० साहाय्ये अशी नोंद केली. या अर्ध्याअधिक हंगामात त्याचा खेळ पालटला असे मानण्यापेक्षा, त्याला मिळणारी जागा पालटली असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. जुलै २०२५ मध्ये सिएटलने त्याच्याशी वार्षिक सरासरी ४५ लाख २५ हजार डॉलरचा तीन वर्षांचा करार केला. तो २०२८ मध्ये संपेल तेव्हा काक्को सत्तावीस वर्षांचा असेल आणि कोणत्याही संघाशी स्वतः बोलणी करण्यास प्रथमच मोकळा होईल.