घरचा लिनक्स, भाग ९ : नव्या आवृत्तीवर जाताना

उबुंटू २२.०४ असलेल्या संगणकावर अधूनमधून एक चौकट उघडते. नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करायचं का? खाली तीन बटणं असतात : नको, नंतर विचारा, हो आत्ताच करा. बहुतेक लोक ‘नंतर विचारा’ दाबून आपल्या कामाला लागतात. याला आळस म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. पुढच्या आवृत्तीवर जायचं आहेच, पण चौकट उघडली त्या दिवशी नव्हे. दिवस आपण ठरवायचा.

बजाजनगरात हे समजावून सांगावं लागत नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली, आणि आजही इथल्या घराघरांत टूलरूम, सीएनसी नाहीतर मेंटेनन्समधला माणूस सापडतो. ब्रेकडाऊन आणि शटडाऊन यांतला फरक त्याला विचारा. ब्रेकडाऊन तुमच्यावर येऊन आदळतो. शटडाऊनची तारीख आधी लागते, सुटे भाग आधी मागवलेले असतात, कोण काय करणार हे फळ्यावर लिहिलेलं असतं. घरच्या संगणकाचं अपग्रेड शटडाऊनच्या शिस्तीने केलं, तर त्यात घाबरण्यासारखं फारसं उरत नाही.

मोरे चौकाजवळच्या एका घरातलं यंत्र डोळ्यांसमोर ठेवून हा भाग लिहितो आहे. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेली २४० जीबीची एसएसडी. वडील टूलरूममध्ये, मुलगी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला, आणि सोसायटीचा जमाखर्च आईकडे. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, म्हणजे हे यंत्र तिथे नापास. उबुंटूवर ते झकास चालतं. वाळूज परिसरात अशी यंत्रं पैशाला पासरी आहेत.

आता मुदतीचा हिशोब. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला येते. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना, इतकं साधं. त्यांतली सम सालच्या एप्रिलची तेवढी दीर्घ मुदतीची : तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. बाकीच्यांना जेमतेम नऊ महिने. घरी दीर्घ मुदतीचीच ठेवावी. २२.०४ ची मुदत २०२७ पर्यंत आहे, २४.०४ ची २०२९ पर्यंत. कुणाकडे अजून २०.०४ असेल तर तिची मुदत मे २०२५ लाच संपली. तिथून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, वाटेत २२.०४ चा मुक्काम करावाच लागतो. उबुंटू प्रोची नोंदणी केली (घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे), तर मुदत दहा वर्षांपर्यंत लांबते. लिनक्स मिंटवाल्यांनाही हा भाग लागू आहे. मिंट २२ ही २४.०४ च्याच पायावर उभी आहे, फक्त तिचं अपग्रेडचं अवजार वेगळं.

मग थांबायचं कशासाठी? २०२४ सालीच काय झालं ते पाहा. मार्चच्या शेवटी, म्हणजे २४.०४ यायला महिनाही उरला नसताना, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रात लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. सगळीकडे धावपळ झाली. उबुंटूने चाचणी-आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजेस नव्याने बांधली.

दुसरी भानगड वेळेची. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून संगणक तारीख ठरवतो. हा आकडा ३२ बिटांत साठवला तर १९ जानेवारी २०३८ रोजी तो मावेनासा होतो आणि तारीख थेट १९०१ मध्ये जाऊन पडते. यावरचा उपाय २४.०४ मध्ये आला. तो खरा ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी होता, पण त्यापायी शेकडो लायब्ररींची नावं सगळ्याच यंत्रांवर बदलली. अपग्रेड म्हणजे शेवटी जुन्या पॅकेजच्या जागी नवं बसवणं. एवढ्या नावांची अदलाबदल झाल्यावर ‘कोणाच्या जागी कोण’ हे ठरवणाऱ्या प्रोग्रामचा गोंधळ उडणारच.

तो उडालाही. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर जायची ती चौकट उबुंटू मुळात पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे २४.०४.१, आल्याशिवाय दाखवतच नाही. ती यायची होती १५ ऑगस्ट २०२४ ला, आली २९ ऑगस्टला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अपग्रेडरमध्ये मोठा दोष सापडला आणि काही दिवस अपग्रेडचं दार पुन्हा बंद ठेवावं लागलं. चौकट दिसताक्षणी ‘हो’ दाबणारे जे होते, त्यांच्यातल्या काहींना याचा प्रसाद मिळाला. महिना-दोन महिने थांबलेल्यांना हे घडून गेल्याचा पत्ताही नाही. म्हणून मी म्हणतो, मधलं बटण वाईट नाही.

एकेकाळी असला प्रश्नच येत नव्हता. १९९६ साली पीसीक्वेस्ट मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांच्या हातात दिली. त्या मोहिमेमागे बेळगावात वाढलेले, तिथेच इंजिनिअरिंग शिकलेले अतुल चिटणीस होते. त्या काळात नवी आवृत्ती म्हणजे नवी सीडी, आणि बहुतेकांच्या घरी नवी सीडी म्हणजे सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. आज चालत्या यंत्राचं इंजिन बदलता येतं, ही चैन आहे.

तयारीत पहिलं काम बॅकअपचं, आणि त्यावर मी थोडा अडून बसणार आहे. टाइमशिफ्टने काढलेली स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, असा एक गोड गैरसमज आहे. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फायली जपतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे सोसायटीचा हिशोब, मुलीची ड्रॉइंग्ज, लग्नाचे फोटो, हे सारं मुळात ते वगळतं. ते वेगळ्या हार्डडिस्कवर स्वतः उतरवायचं. उतरवताना फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, म्हणजे लपलेली फोल्डर्स दिसतील. ‘स्नॅप’ नावाचं फोल्डरही घ्यायला विसरू नका, कारण २२.०४ पासून फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड त्याच्या पोटात असतात. कॉपी झाली की डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा आणि दोन-चार फायली उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

दुसरं, जागा. मुख्य विभाजनावर वीस-पंचवीस जीबी मोकळे हवेत. बूटचं वेगळं छोटं विभाजन असेल तर जुने कर्नल साठून ते गच्च झालेलं असतं. ते कर्नल आधी काढून टाका. तिसरं, सध्याच्या आवृत्तीचे सगळे अपडेट घेऊन एकदा रीस्टार्ट. चौथं, बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी. अपग्रेडर त्या आपोआप बंद करतो आणि नंतर चालू करायचं मात्र तुमच्यावर सोडतो. म्हणून कोणत्या होत्या याची यादी कागदावर लिहून ठेवा. यादी दहा-बाराच्या पुढे गेली, तर माझं मत सरळ आहे : अपग्रेडच्या भानगडीत न पडता बॅकअपवरून नवं इन्स्टॉल करा. वेळ कमी लागेल आणि डोकं शांत राहील.

आता लाइट. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वारं सुटलं की काय होतं ते बजाजनगरकरांना ठाऊक आहे, म्हणून सकाळची वेळ धरा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बारीक बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंखा नुसता मंदावतो पण डेस्कटॉप बंद पडतो. बटण यूपीएस मोडवर हवं.

एवढं करूनही मधेच बंद पडलाच, तर? उबुंटूखाली काम करणारं डीपीकेजी हे प्रत्येक पॅकेज दोन टप्प्यांत बसवतं : आधी उलगडून जागेवर ठेवायचं, मग त्याची घडी बसवायची. कोणतं पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद ते सतत वहीत करत असतं. त्यामुळे अर्ध्यात थांबलेलं काम कुठून उचलायचं हे त्याला कळतं. यंत्र पुन्हा सुरू करा, ग्रबच्या मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये जा, आणि तिथे बिघडलेली पॅकेजेस दुरुस्त करण्याचा जो पर्याय आहे तो निवडा. अर्ध्याहून जास्त वेळा गाडी तिथून रुळावर येते. स्क्रीन काळी दिसली म्हणून लगेच फॉरमॅट मारायला धावू नका.

प्रत्यक्ष अपग्रेड त्यामानाने कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असावं. चौकटीतून ‘हो’ म्हणा, नाहीतर टर्मिनलमध्ये ‘सुडो डू-रिलीज-अपग्रेड’ ही आज्ञा द्या (अर्थात रोमन अक्षरांत, मधे जोडरेषा देऊन). किती डाउनलोड होणार ते आधी सांगितलं जातं. घरगुती यंत्रावर साधारण दीड-दोन जीबी धरा. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हे भागवायचं असेल, तर मधेच नेट संपेल. त्या दिवसापुरता शेजाऱ्यांचा फायबर मागून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रात्रपाळीला निघताना अपग्रेड लावून जाऊ नका. सकाळी परत याल तेव्हा यंत्र रात्री साडेदहाला विचारलेल्या प्रश्नावर तसंच बसलेलं असेल. हे प्रश्न बहुधा सेटिंगच्या फायलींबद्दल असतात : ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमचीच ठेवू की नवी घालू? स्वतः काही बदलल्याचं आठवत असेल, उदाहरणार्थ दोन यंत्रांत फोल्डर शेअर केलं असेल, तर आपली ठेवा. काहीच आठवत नसेल तर नवी घ्या. नुसतं एंटर दाबलं तर जुनीच राहते. शेवटी नको असलेली जुनी पॅकेजेस काढू का, असं विचारतं. यादीवरून नजर फिरवा, ओळखीचं काही दिसलं नाही तर काढू द्या. मग रीस्टार्ट.

रीस्टार्टनंतर डेस्कटॉप दिसला की लोक हुश्श करतात. खरी तपासणी इथून पुढे. मोरे चौकाजवळच्या त्या घरी पहिला अडला तो प्रिंटर. एचपीचा लेझरजेट १०२०, आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही धडधडणारा. हा प्रिंटर चालू होताना त्याचं फर्मवेअर संगणकाकडून मागून घेतो. ते एचपीलिपच्या एका वेगळ्या प्लगइनमधून येतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपशी तंतोतंत जुळावी लागते. अपग्रेडमध्ये एचपीलिप पुढे गेलं, प्लगइन मागे राहिलं. प्रिंटर यादीत दिसतो, कागद मात्र हलत नाही. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ चालवून नवं उतरवून घेतलं की काम झालं. प्रिंटर बिघडला नव्हता, पण हे माहीत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे फेरी ठरलेली.

आईचं लिब्रेऑफिस ७.३ वरून एकदम २४.२ झालेलं दिसेल. आकडा पाहून दचकू नका, त्यांनीही मधल्या काळात साल-महिन्याची पद्धत उचलली एवढंच. मुलीचं फ्रीकॅड मात्र जरा जपून. नव्यात साठवलेली फाइल कॉलेजातल्या जुन्या फ्रीकॅडमध्ये नीट उघडेलच असं नाही, तेव्हा सबमिशनच्या आदल्या आठवड्यात अपग्रेड करू नये. पायथन ३.१० चं ३.१२ होतं. जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मोडते, ती नव्याने बनवावी लागते.

मराठीची तपासणी मी नेहमी एकाच ओळीने करतो : ‘दऱ्याखोऱ्यांतली कुऱ्हाड, लाल शाल’. पहिल्या दोन शब्दांत ‘र’चा तो आडवा आकडा नीट उमटतो का, आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे त्यातून कळतं. वळण हिंदी असेल तर फॉन्ट बदला. लोहित देवनागरी किंवा नोटो लावून बघा आणि मजकुराची भाषा मराठी निवडली आहे ना ते पाहा. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असू शकतात, कोणतं दाखवायचं हे भाषेच्या निवडीवर ठरतं. इन्स्क्रिप्टचा कळफलक यादीतून गायब झाला असेल तर सेटिंग्जमधून पुन्हा जोडावा. सोसायटीच्या जुन्या नोटिसा ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये असतील तर ते फॉन्ट होम फोल्डरमध्ये होते का, हे बघा. असतील तर जागच्या जागी आहेत. नसतील तर बॅकअपमधून आणा, नाहीतर नोटिशीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल.

एवढं झालं की बाहेरच्या रिपॉझिटरींची ती कागदावरची यादी घ्या आणि एकेक चालू करा. २४.०४ साठी जी उपलब्धच नाही, तिच्यावर फुली मारा. बॅकअपची डिस्क मात्र निदान महिनाभर पुसू नका.

पुढच्या भागात : शिवाजी आणि श्रीलिपीतल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या.