दुखलं तर वाजवू नका

एकोणिसाव्या शतकात युरोपात पियानो शिकवताना मुलांच्या पंज्यावर नाणं ठेवत. ते पडता कामा नये! हात स्थिर, सगळा जोर बोटांचा. पण बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात; तिथून मनगटातून जाणाऱ्या दोऱ्यांवर ताण येऊन सूज धरते. जर्मनीत संगीतकार शूमान यांनी बोटं बळकट करायला यंत्र वापरलं. १८३२ च्या सुमारास उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झालं. (यंत्रामुळेच का, यावर वाद आहे.) पुढे काही शिक्षकांनी खांदा सैल सोडून, हाताच्या वजनानं पट्टी दाबायला शिकवलं.

मुलगी कीबोर्ड शिकत असेल तर एकदा क्लासला जाऊन बसा. ती “मुंग्या येतात” म्हणाली आणि सर “अजून दहा वेळा” म्हणाले, तर तिला उठवा. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.