काकूंची खिडकी

आम्हा नागपूरकरांना उन्हाळ्याची भीती नाही, उलट थोडा अभिमानच आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे एप्रिल-मेमध्ये यायचं टाळतात तेव्हा आम्ही मनातल्या मनात हसतो. दुपट्टा डोक्यातोंडाला गच्च गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून भर दुपारी स्कूटीवर निघालेली मुलगी दिसली, की समजावं नागपूर आलं! याच उन्हाच्या भरवशावर आमच्या कुरड्या कडकडीत वाळतात आणि मुंगवड्या वर्षभर टिकतात. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो आकडासुद्धा आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंश दाखवले. यंत्रातच बिघाड असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण तोवर तो आकडा घरोघरी मोबाइलवर पोचला होता.

तेव्हा तक्रार दिवसाची नाहीच. तक्रार आहे ती रात्रीची.

माझं माहेर महालातलं. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं, फरशीतून वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या आणि उशाशी सुरई ठेवायची. दहा-अकरापर्यंत गरम व्हायचं, पण पहाटे मात्र पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागे. आता माझ्या फ्लॅटच्या गच्चीवर रात्री अकराला अनवाणी उभं राहवत नाही. दिवसभर स्लॅबने, भिंतींनी आणि गेल्या काही वर्षांत गल्लीबोळापर्यंत आलेल्या सिमेंटच्या रस्त्यांनी ऊन पिऊन ठेवलेलं असतं, ते रात्रभर सावकाश बाहेर येत राहतं. अंगण नाही, माती नाही, कडुनिंब रस्ता रुंद करताना गेलेला. उन्हाने शिणलेल्या शरीराला रात्री गार व्हायला वेळ मिळाला तरच दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसतं, असं डॉक्टर सांगतात. तो वेळच मिळत नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे एसी आला. लेकाची नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी, आणि कुलरच्या आवाजात त्याचा अभ्यास होईना. बसवणाऱ्या पोराने बाहेरचं खोकं दोन इमारतींच्या मधल्या बोळात, भिंतीला ठोकून दिलं. पाइप कमी लागला, पैसे वाचले. मी खूश!

परीक्षा झाली, पण एसी काही बंद झाला नाही. सवय लागली म्हणजे लागलीच.

नवतपा लागला त्या सुमारास मी शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे कुरड्यांचा डबा द्यायला गेले. दुपारचा एक वाजला होता. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. सत्तरीच्या बाई, पदर ओलाचिंब. ओट्यासमोरची खिडकी बंद आणि तिला आतून खरड्याचा पुठ्ठा लावलेला.

‘‘काकू, अहो खिडकी तरी उघडा,’’ म्हणत मी हात घातला आणि कडी काढली. भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर आली. समोर, जेमतेम चार फुटांवर, आमचंच खोकं घरघरत होतं.

मला काही सुचेना. काकूच म्हणाल्या, ‘‘अगं, तुझ्या लेकराची परीक्षा होती ना, म्हणून मी बोलली नाही. आता काय, महिनाभराचाच तर प्रश्न आहे.’’

घरी येऊन एसी बंद केला आणि मग या यंत्राची जरा चौकशी केली. तोवर मला वाटायचं, एसी गारवा तयार करतो. तसं काही नसतं! तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती उचलायला जी वीज लागते तिचीही उष्णता वरून टाकतो. म्हणजे आमच्या खोलीत जितका गारवा, त्याहून जास्त गरमी काकूंच्या ओट्यावर. आपला जुना कुलर तसा गरीब बिचारा. तो पाण्याची वाफ करतो आणि त्यात हवा गार होते. मात्र हवा कोरडी असेल तोवरच. जूनमध्ये ढग आले, दमटपणा वाढला, की तोही नुसता चिकट वारा फेकतो. घामाचं गणितही तेच. घाम वाळला तरच अंग गार पडतं.

आणि वीज? ती कुठून येते हे नागपूरकरांना कोणी सांगायला नको. कोराडी आणि खापरखेडा शहराला लागूनच. आपल्याकडच्या कोळशात राख फार, शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. त्यातली काही पाण्यात मिसळून तळ्यांत सोडतात. १६ जुलै २०२२ ला मुसळधार पावसात खसाळ्याच्या राख तळ्याचा बांध फुटला, राखेचं पाणी शेतांत गेलं, कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरलं. कन्हानचं पाणी तर आपल्या नळांना येतं. म्हणजे माझ्या खोलीतल्या गारव्याचा एक धागा काकूंच्या खिडकीत आणि दुसरा कुणाच्या तरी धानाच्या बांधीत! मला रात्री एसी लावताना हे आठवतं. लावत नाही असं मात्र म्हणणार नाही.

काकूंची गोष्ट निदान डोळ्यांसमोर होती. आमच्या कामवाल्या बाईंची मला तितकीही दिसली नव्हती.

त्या चार घरी धुणी-भांडी करतात. घर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. मेमध्ये तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या चेहरा उतरलेल्या. ‘‘ताई, रातभर झोप नाई. टिन तापून रायते, जीव घाबरते. अन् लघवीले आग होऊन रायली.’’

‘‘पाणी पीत नाही का तुम्ही? माठ भरलेला असतो की!’’ मी जरा रागावूनच म्हटलं.

त्या फडकं पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पाणी पेलं तर जाव लागते ना ताई. चार घरची कामं. जाव कुठं?’’

नऊ वर्षं त्या आमच्याकडे येतात. त्यांच्या हाताचं घासलेलं ताट आम्हाला चालतं, आमचं बाथरूम त्या रोज धुतात. पण ‘तुम्ही आमच्याकडे जात जा’ हे वाक्य मी नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं होतं. शहरासाठी २०१६ पासून उष्णता कृती आराखडा आहे. ऊन तापलं की सूचना येतात, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, ‘भरपूर पाणी प्या’. सगळं बरोबरच आहे. पण पाणी प्यायल्यानंतरचा प्रश्न बाईमाणसाला पडतो, आणि त्याचं उत्तर माझ्या घराच्या कॉरिडॉरमध्ये, डाव्या हाताला होतं.

त्या दिवशी म्हटलं एकदाचं. त्या काही बोलल्या नाहीत. पहिले दोन दिवस गेल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी न विचारता गेल्या. इतर तीन घरांपैकी एकीला मी फोन केला, ती म्हणाली, ‘‘सासूबाई आहेत गं घरात, बघते.’’ अजून बघतेय.

एसीचं खोकं गच्चीवर नेलं. तांब्याचा जास्तीचा पाइप, मजुरी, पुन्हा गॅस भरणं, चांगलाच खर्च आला. ‘‘गरमी गेली कुठे? वरच गेली ना!’’ असं आमच्या ह्यांनी विचारलंच. प्रश्न चूक नाही. वरच गेली. पण काकूंनी पुठ्ठा काढला.

बाईंच्या टिनावर चुना मारायची कल्पना लेकाची, कुठेतरी वाचून आलेली. पांढरं छत ऊन परतवतं, खोली थोडी कमी तापते. चुन्याची पोती, फेविकॉलचा डबा आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन तो आणि बाईंचा मुलगा पहाटे साडेपाचला वर चढले, सातला उतरले. त्यानंतर टिनाला हात लावायची सोय नव्हती.

दोन दिवसांनी मी भीत भीत विचारलं, ‘‘काही फरक?’’

भांड्यांवरून मान वर न करता बाई म्हणाल्या, ‘‘हाय ना. पयले चार वाजता डोया लागे. काल दोन वाजता लागला.’’