त्याच्या वाटणीचा चतकोर

घरातला कुत्रा म्हातारा झाला हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं, सांगू? त्याला भाकरी घालणाऱ्या बाईच्या. ताटलीत रोजचा चतकोर उरायला लागतो. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की दारात हजर होणारा आता हाक मारल्यावरही उशिरा मान वर करतो. पायरी चढताना थबकतो. डोळ्यांत निळसर पांढरी झाक दिसते. घरातले म्हणतात, "आळशी झालाय लेकाचा." आपल्याला मात्र कळलेलं असतं, की हा आळस नव्हे, वय आहे.

मैत्रिणींनो, कुत्रा कसा पाळावा, त्याला काय शिकवावं यावर पुष्कळ लिहून येतं. पण त्याचं म्हातारपण कसं निभवावं आणि त्याला निरोप कसा द्यावा, याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. आणि हे काम शेवटी पडतं आपल्याच अंगावर. म्हणून आज आमच्या बंड्याबद्दल लिहिते आहे.

२०१० च्या पावसाळ्यात समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरून माझ्या मुलानं त्याला शर्टात गुंडाळून आणलं. मुलगा तेव्हा तिसरीत होता. साधा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. सासूबाईंनी त्याच दिवशी तीन नियम सांगितले. घरात घ्यायचा नाही, स्वयंपाकघराकडे फिरकू द्यायचा नाही, आणि त्याचं करायला मला सांगायचं नाही. पहिला नियम दिवाळीपर्यंत टिकला, दुसरा संक्रांतीपर्यंत. तिसरा त्यांनी स्वतःच मोडला. पुढे रोज पहाटे त्या देवळात निघाल्या की बंड्या मागं, आणि त्या आत गेल्या की हा बाहेर त्यांच्या चपलांपाशी. चौदा वर्षं सासूबाईंची चप्पल कधी चोरीला गेली नाही.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असं आपण सरसकट म्हणतो. ते तितकंसं बरोबर नाही. कुत्रा पहिल्या दोन वर्षांतच पुरता तरुण होतो, मग वय जरा सावकाश वाढतं. लहान चणीचे कुत्रे जास्त जगतात, धिप्पाड जातीचे लवकर थकतात. आमचा मध्यम चणीचा बंड्या चौदाव्या वर्षी, माणसाच्या हिशेबानं, सत्तरी ओलांडलेला आजोबाच झाला होता.

म्हातारपणाची सोय करायला फार पैसा लागत नाही. आमच्या शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरायचे, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर मी पोती अंथरली. थंडीत सांधे धरतात म्हणून जुन्या लुगड्यांची गोधडी. पाण्याचं भांडं एका विटेवर ठेवलं, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. भाकरी कुस्करून, मऊ करून. एक गोष्ट मात्र प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. कुत्रा कण्हतो म्हणून आपल्या घरातली अंगदुखीची किंवा तापाची गोळी त्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही आपल्याला चालणारी औषधं त्याच्या लिव्हरला आणि किडनीला घातक ठरतात. औषध द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच.

२०२४ च्या दिवाळीनंतर बंड्या पाणी फार प्यायला लागला. भांडं भरावं आणि ते रिकामं व्हावं. अंग वाळत चाललं, तोंडाला वास येऊ लागला, मध्येच उलटी. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे आता बरं होणारं दुखणं नाही. जेवढे दिवस आहेत ते सुखाचे जातील एवढं बघू." आठ दिवस सलाईन लावलं. थोडी तरतरी आली, पुन्हा गेली.

मग सल्ले सुरू झाले. एक शेजारी सहज बोलल्यासारखे म्हणाले, "कशाला घरात मरू देता? कारखान्याच्या रस्त्याला सोडून द्या, तिथं कुणीतरी खायला घालतं." ऐकून मला आमच्या बचत गटातल्या एक ताई आठवल्या. त्यांच्या घरच्यांनी म्हातारी कुत्री टेम्पोत घालून बाजारच्या गावी नेऊन सोडली. ताईंना सांगितलं ते परत आल्यावर. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या, "अकरा वर्षं मी घातलं तिला. नेताना मला इचारलं बी नाही. आठ दिवस माझा हात चतकोर बाजूला काढतच व्हता."

हे सोडून देणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं, की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. पण आयुष्यभर एका दाराशी राहिलेला, नीट न दिसणारा, न पळता येणारा जीव अनोळखी जागी भुकेनं, तहानेनं तडफडतो. दुसरे कुत्रे त्याला थारा देत नाहीत. कायद्यानंही हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० सालापासून आपल्या देशात कायदा आहे. योग्य कारणाशिवाय जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं त्यात शिक्षेला पात्र धरलं आहे. आणि कायद्याचं राहू द्या, महाभारतातला युधिष्ठिर आठवा. स्वर्गाचा रथ दारात उभा, इंद्र म्हणतो कुत्र्याला सोड आणि चल. तो म्हणाला, सोबत आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. लहानपणी आपण ही गोष्ट कितीदा ऐकली!

आमच्याकडे दुधाचा हिशेब मांडायचं कालनिर्णय स्वयंपाकघरात असतं. डॉक्टरांनी सुचवल्यावरून मी त्याच्यावरच बंड्याचा हिशेब मांडू लागले. ज्या दिवशी थोडं खाल्लं, शेपूट हलवली, स्वतः उठून अंगणात जाऊन आला, त्या दिवशी बरोबरची खूण. खाल्लं नाही, उठला नाही, रात्रभर कण्हला, तर फुली. डिसेंबरात बरोबरच्या खुणा जास्त होत्या. जानेवारीत संक्रांत झाली आणि नुसत्या फुल्याच येऊ लागल्या. मनाची घालमेल होते तेव्हा असा कागदावरचा हिशेब फार उपयोगी पडतो. आपली माया एकीकडे ओढते, थकवा दुसरीकडे ओढतो. खूण मात्र जे आहे तेच सांगते.

बंड्या उठेनासा झाला. अंगाखाली जखमा होऊ नयेत म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, ओलं झालेलं पुसून कोरडं करायचं, चमच्यानं पाणी पाजायचं. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "आता इंजेक्शन देऊन सोडवावं असं माझं मत आहे. ठरवा तुम्ही."

हे काही डॉक्टरांच्या मनचं नव्हतं. ज्या जनावराला जिवंत ठेवणं म्हणजे नुसतं हाल करणं आहे, त्याला वेदना न देता मरण देण्याची तरतूद त्याच १९६० च्या कायद्यात आहे. पण कायदा आणि घर यांत फार अंतर असतं. आमचे हे काहीच न बोलता बाहेर निघून गेले. मुलाला पुण्याला फोन केला तर तिकडून नुसती शांतता. आणि सासूबाई म्हणाल्या, "जित्या जिवाला सुई टोचून मारायचं? पाप लागंल. मी अंथरुणाला खिळले तर मला बी टोचणार का गं तुम्ही?"

घरात एकदम सगळे गप्प झाले. सासूबाई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या. मला कळलं, की हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा नाही. म्हाताऱ्या जिवाचं आपण काय करतो, हे घरातली म्हातारी माणसं कोपऱ्यातून बघत असतात.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांचे पाय चेपायला बसले. म्हटलं, "आई, तुम्हाला दुखलं तर तुम्ही सांगता. डॉक्टर नको, दवाखाना नको, अमकं करा, तमकं करू नका, सगळं सांगता. तुमचं सगळं तुम्ही म्हणाल तसंच होणार. त्याला बोलता येत नाही हो. त्याचं दुखणं ओळखायचं आणि त्याच्यासाठी ठरवायचं, हे आपल्यावरच आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री काठी टेकत ओसरीवर आल्या आणि पहाटेपर्यंत त्याच्याजवळ बसल्या. त्याचं कण्हणं त्यांनी रात्रभर ऐकलं. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "बोलव डॉक्टरला. पोरगं आल्यावर बोलव. त्याच्या हातचं पाणी पिऊन जाऊ दे."

मुलगा संध्याकाळच्या एसटीनं आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तो प्रसंग कसा असतो याची धास्ती फार असते, म्हणून स्पष्ट सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच-दहा मिनिटांत बंड्याचं कण्हणं थांबलं. कितीतरी दिवसांनी तो शांत झोपलेला दिसला. मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. श्वास मंद झाला आणि थांबला. नंतर डोळे उघडेच राहतात, कधी एखादा उसासा आल्यासारखं होतं, लघवी होते. त्या वेळी तो जागा नसतो, त्याला काही कळत नसतं. हे आधी माहीत असलं म्हणजे माणूस घाबरत नाही. मुलाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. सासूबाईंनी तुळशीचं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. ज्यांना बघवत नाही त्यांनी बाजूला जावं, त्यात कमीपणा नाही. पण त्याच्या ओळखीचा एक तरी हात त्याच्या अंगावर असावा, असं मला वाटतं.

धाकट्या दिरांची मुलगी सात वर्षांची. तिला काय सांगायचं? "बंड्या गावाला गेला" असं सांगा, असं एक-दोघांनी सुचवलं. गावाला गेलेला परत येतो. मूल मग वाट बघत बसतं. "झोपला" म्हटलं तर त्याला झोपेचीच भीती बसते. आम्ही तिला खरं सांगितलं. बंड्या खूप म्हातारा आणि आजारी होता, तो मेला, आता येणार नाही. ती रडली, आम्हीही रडलो. मग तिनं त्याच्या अंगावर घालायला अंगणातली झेंडूची फुलं तोडून आणली.

परसात शेवग्याखाली चार फूट खड्डा घेतला, विहिरीपासून लांब. सुती कापडात गुंडाळलं. प्लॅस्टिक नको, ते मातीत जिरत नाही. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे मीठ घातलं. ज्यांना जागा नाही त्यांनी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात विचारावं, पण ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. आणि कुत्रा जर विचित्र वागत, लाळ गाळत, पाणी गिळता न येऊन गेला असेल, तर उघड्या हातानं शिवू नका. आधी डॉक्टरांना कळवा, कारण तो रेबीज असू शकतो.

"कुत्र्यासाठी एवढं कुणी रडतं का?" हेही मला ऐकायला मिळालं. रडतं. खुशाल रडावं. चौदा वर्षं रोज ज्याच्यासाठी हात हलला, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं तर लाजायचं काय? पितृपक्षात पानाशेजारी कुत्र्याचा घास काढणारी आपली माणसं. त्याची वाटणी आपल्या अन्नात आहे, हे आपण मानलेलंच आहे.

ज्यांच्या दाराशी आज म्हातारा कुत्रा आहे, त्या मैत्रिणींना एवढंच सांगणं. अवघड वेळ येण्याआधी घरात हा विषय काढा. डॉक्टर घरी येतील का, पुरायचं कुठं, हे आताच विचारून ठेवा. आणि त्याचं काय करायचं हे ठरवताना "मला विचारा" असं ठामपणे म्हणा. त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं घरात सगळ्यांत जास्त तुम्हालाच ठाऊक आहे. त्याच्या शेवटाबद्दल बोलायचा हक्क त्या रोजच्या चतकोरानंच तुम्हाला दिलेला आहे.