बांधकाम ठेकेदारांसाठी विमा : कामगार पडला तर भरपाई कोण देतं?

नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरलात की कुठे बंगल्याचा स्लॅब, कुठे गाळे, कुठे पोल्ट्रीची शेड उभी राहताना दिसते. यातली बरीच कामं छोटे ठेकेदार करतात : दोन-चार गवंडी, आठ-दहा बिगारी, एक मिक्सर. ठेकेदाराच्या पिकअपचा विमा असतो, कारण रस्त्यावर तो विचारला जातो. माणसांच्या विम्याबद्दल विचारलं तर "सगळ्यांचा बँकेतला वीस रुपयांवाला काढलाय" असं उत्तर मिळू शकतं.

ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख. योजना चांगली आहे, जरूर काढा. पण त्याने ठेकेदाराची जबाबदारी एक रुपयानेही कमी होत नाही.

ही जबाबदारी येते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण भरपाईचं सूत्र तेच आहे. कामावर असताना कामाच्या ओघात अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. इथे मालक म्हणजे ठेकेदार, कारण मजुरी तो देतो. "तो रोजंदारीवर होता, कालच आला होता" हे चालत नाही. "बेल्ट लावला नाही, चूक त्याचीच" हेसुद्धा मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या बाबतीत चालत नाही.

रक्कम किती? मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २०२० पासून मजुरी जास्तीत जास्त १५ हजार धरतात. तिशीच्या कामगाराचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. एवढे पैसे देताना छोट्या ठेकेदाराचा मिक्सरच काय, जमीनही जाऊ शकते.

मग गावात बैठक बसते. सरपंच, दोन्हीकडचे पाहुणे, स्टॅम्प पेपर, 'आमची काही तक्रार नाही' आणि दोन-तीन लाख रोख. यात दोघांचीही फसगत आहे. मृत्यूची भरपाई कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, आणि हक्क सोडल्याचा करार रद्द ठरतो. वर्षभराने त्या घरच्यांनी दावा केला, तर ठेकेदाराला पूर्ण रक्कम पुन्हा द्यावी लागू शकते.

पहिली पॉलिसी कोणती?

हीच. बाजारात तिला अजूनही 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' किंवा नुसतं 'डब्ल्यूसी' म्हणतात. हप्ता कामाचा प्रकार आणि मजुरीवर ठरतो. म्हणून हप्ता वाचवायला आठ माणसं दाखवायची आणि साइटवर पंधरा ठेवायची, हा मोह महागात पडतो. दाव्याच्या वेळी कंपनी पहिल्यांदा हजेरीचं मस्टर मागते.

सेंट्रिंगचं काम दुसऱ्याला दिलं असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत धरली आहेत का? कारण त्यांच्यासाठी कायदा मुख्य ठेकेदारालाही धरतो. पोटठेकेदाराकडून ते पैसे नंतर वसूल करता येतात, पण ते मिळेपर्यंत खिसा तुमचाच. उशिराबद्दलचा दंड मात्र विमा कंपनी सहसा देत नाही.

चालू कामाचं नुकसान झालं तर?

डोंगराकडच्या भागात हा प्रश्न खरा आहे. आंबेगावातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. पुनर्वसनाचं नवं गाव एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात मिळालं, आणि त्याच जूनच्या पावसात तिथले रस्ते खचले. भरावावर बांधायचं म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी चालू कामाचं पूर, वादळ, आग, चोरी यांपासूनचं नुकसान भरून देते. शेजाऱ्याच्या कौलांवर फळी पडली तर तेही त्यात धरून घेता येतं. नाव 'ऑल रिस्क' असलं तरी चुकीच्या डिझाइनचा खर्च सहसा मिळत नाही. काम ताब्यात दिलं की मुख्य संरक्षणही संपतं. पुढच्या दुरुस्तीच्या काळासाठी वेगळी भर घालावी लागते.

आणि विमा पूर्ण किमतीचा घ्या. ४० लाखांचं काम २० लाखांना दाखवलं आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर हातात साधारण २ लाखच येतात.

मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर यांच्यासाठी यंत्रांची वेगळी पॉलिसी मिळते.

राहिला स्वतः ठेकेदार. परांचीवर तोही चढतोच, पण तो कोणाचा कामगार नाही, त्यामुळे त्याच्याच डब्ल्यूसी पॉलिसीत तो नसतो. एकट्याने काम करणाऱ्या प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटरचंही तेच. त्यांनी स्वतःच्या नावावर वैयक्तिक अपघात विमा घ्यायचा, आणि घेताना उंचीवरचं काम करतो हे फॉर्मवर स्पष्ट लिहायचं.