नैराश्य : मेंदूचे कार्य आणि गावाचे कर्तव्य

खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी आलेला शेतकरी सातबारा घरी विसरतो. दुसऱ्या खेपेस येतो तेव्हा मुदत टळलेली असते. साध्या प्रश्नाचे उत्तर त्याला चटकन सुचत नाही, कोणते बियाणे घ्यावे हेही ठरवता येत नाही. अशा माणसाला बेफिकीर ठरवून मोकळे होणे सोपे असते. प्रत्यक्षात ही नैराश्याची लक्षणे असू शकतात.

कापूस व सोयाबीन या पिकांवर आणि मुख्यतः पावसावर अवलंबून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न गंभीर आहे. नापिकी व कर्ज ही कारणे आर्थिक असली, तरी त्यांचा भार मनावर पडतो. हे ओळखूनच शासनाने २०१५ मध्ये येथे बळीराजा चेतना अभियान हाती घेतले.

मेंदूत काय घडते?

हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत् लहरींचा आलेख प्रथम घेतला. पुढे मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रेही घेता येऊ लागली. नैराश्याच्या अनेक रुग्णांत कपाळामागील भागाचे कार्य मंदावलेले दिसते. नियोजन, निर्णय व एकाग्रता यांचा संबंध याच भागाशी आहे. उलट, धोक्याची जाणीव करून देणारे अमिग्डाला हे केंद्र अधिक उत्तेजित होते. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सरासरीने किंचित लहान आढळतो. त्यामुळे मन त्याच त्या चिंतेभोवती फिरत राहते आणि समोरच्या कामासाठी शक्ती उरत नाही.

मात्र सर्व रुग्णांत हे बदल सारखे नसतात. केवळ आलेख वा चित्र पाहून नैराश्याचे निदान करता येत नाही; ते डॉक्टरांनी विचारपूस करूनच करावे लागते.

गावाने काय करावे?

उदासी, कामात मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, विसर पडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथून पुढील उपचारांसाठी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविता येते. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

औषधोपचार व समुपदेशन यांनी बहुसंख्य रुग्ण सुधारतात. परंतु उदासी ओसरल्यानंतरही विसराळूपणा व मंदपणा काही काळ राहू शकतो. म्हणून ग्रामसेवक व तलाठी यांनी लागणाऱ्या कागदांची यादी लिहून द्यावी, एका वेळी एकच काम सांगावे आणि मुदतीची आठवण करून द्यावी. वर्गात एकाएकी मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीत शिक्षकांनीही शिक्षेपूर्वी विचारपूस करावी. दोनदा कागद विसरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा शांतपणे बसवून घेणे, एवढ्यानेही त्याच्या उपचारांची वाट मोकळी होऊ शकते.